मारुतीच्या पायाला लागलेलं पाणी

आमच्या गावाला दोन गोष्टींचा भारी अभिमान आहे. एक म्हणजे आमच्याइतका दुष्काळ अख्ख्या बीड जिल्ह्यात कुठं पडत नाही. आणि दुसरी म्हणजे आमच्याइतका पाऊसही कुठं पडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पारावर बसून, एकाच तोंडानं सांगितल्या जातात आणि सांगणाऱ्याला जराही अवघडल्यासारखं होत नाही. उन्हाळ्यात टँकरच्या अर्जावर ज्यांच्या सह्या असतात, तेच लोक श्रावणात आलेल्या पाहुण्याला सांगतात की इथं एकदा असा पाऊस झाला होता, की कोकणानं लाजून मान खाली घालावी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात जन्म घातला. आता निवृत्त आहे, त्यामुळं वर्गाऐवजी गावावर चिडते.

पाऊस झाला होता हे मात्र खरं. माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. संध्याकाळी गावामागच्या डोंगरावर आभाळ बसलं आणि उठायचं नावच घेईना. ओढा बघता बघता फुगला. ओढ्याच्या काठी तेव्हा मारुतीचं बुटकं देऊळ होतं, आत जायला दोन पायऱ्या खाली उतराव्या लागत. पाणी देवळात शिरलं, मूर्तीच्या पायापर्यंत गेलं आणि ओसरलं. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होते. त्या दिवसापासून गावानं मापच ठरवून टाकलं की पाणी मारुतीच्या पायाला लागलं आणि परतलं. बाकी कुणी काही मोजलं नाही. देवानं मोजल्यावर माणसानं कशाला तसदी घ्यायची?

सरकारनंही मोजलं नाही. आमच्या भागातलं पर्जन्यमापक डोंगराच्या पलीकडच्या गावात, म्हणजे पाऊस पडला तर आमच्याकडं पडावा आणि मोजला जावा त्यांच्याकडं, अशी सोय. आमचा ओढा म्हशी वाहून नेत होता त्या दिवशीची तिथली नोंद ‘निरंक’ अशी आहे. तिथल्या माणसाचा दोष नाही, त्याच्या अंगणात खरंच धुरळा होता. आमच्याकडचा पाऊस असाच, एका शिवारात चिखल आणि शेजारच्या शिवारात लोक चपला घालून फिरतायत.

ओढ्याच्या पलीकडं दहा-पंधरा घरांची वस्ती आहे. तिथं माझी थोरली जाऊ राहायची. मी तिला आक्का म्हणायची, ती मला मास्तरीण. लग्न होऊन आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती आणि तिला सही करता येत नव्हती. दोघींनी एकमेकींना शिकवलं, आणि त्यात भांडणं इतकी झाली की मैत्री झाल्याचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. माझे दीर वारल्यावर ती वस्तीवर एकटीच उरली. गुडघे गेलेले. ओढ्याला पाणी आलं की ती तिकडं आणि दवाखाना, दुकान, मी, सगळे इकडं. एका पावसाळ्यात ती तापानं फणफणलेली असताना आम्ही इकडच्या काठावर नुसते उभे होतो. त्यानंतर पुण्याला कंपनीत असलेल्या तिच्या मुलानं निक्षून सांगितलं, की पूल झाला तर राहा, नाहीतर दिवाळीनंतर मी येऊन घेऊन जाणार. आक्काला पुण्याला जायचं नव्हतं. “तिथं बसून काय करू, लिफ्ट बघू?” असं म्हणायची. मलाही तिला पाठवायचं नव्हतं. या गावात मला मनापासून आवडणारं दुसरं माणूस नव्हतं, असं म्हटलं तर आमच्या ह्यांना राग येईल, पण तसंच होतं.

आणि पूल होणार होता. कितीतरी वर्षं अर्ज करून करून अखेर एक ठेंगणा, साधा पूल मंजुरीच्या उंबऱ्यापर्यंत आला. फक्त एका गोष्टीची खोटी होती. ओढ्याला जास्तीत जास्त किती पाणी येऊ शकतं ते ठरवायचं होतं. त्यासाठी इंजिनियर आला.

माणूस बरा होता. उगाच साहेबी नाही, चहाला नको म्हणणं नाही. त्यानं आमच्या ओट्यावर बसून मला सांगितलं, “मॅडम, एका तासात किती पाऊस कोसळतो ते कळलं की ओढ्याचं पाणी काढता येतं. पण इथं नोंदच नाही. मग उलटं जायचं. मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते शोधायचं, त्यावरून प्रवाह काढायचा, आणि प्रवाहावरून पाऊस.” मला हे पटलं. शाळेत मी पोरांना हेच सांगत आले, की सरळ मोजता येत नसेल तर फिरून मोजावं. फक्त त्यासाठी खुणा खऱ्या लागतात, आणि खुणा सांगणार होतं आमचं गाव.

त्यानं आधी पारावर विचारलं की त्या पावसात कुणाचं काही भांडं उघड्यावर राहिलं होतं का. म्हणजे घमेलं, बादली, असं काही. भांड्यात किती पाणी साचलं त्यावरूनही अंदाज येतो. झालं. गावाला विषय मिळाला. एकानं सांगितलं, “आमचं उखळ गच्च भरलं व्हतं.” उखळ वळचणीखाली होतं, अख्ख्या माळवदाचं पाणी त्यात पडत होतं, हे तो सांगेना. दुसरा म्हणाला, “उखळाचं काय घिऊन बसला, आमचा बॅरल भरून सांडला.” त्याच्या बॅरलला पत्र्याची पन्हाळ लावलेली. तिसऱ्यानं थेट विहीर भरल्याचं सांगितलं. इंजिनियर लिहीत होता आणि मी मनात एकेकाला नापास करत होते. यातले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले. पर्जन्यमापक उघड्यावर का ठेवतात, हे मी त्यांना दर वर्षी घसा कोरडा करून शिकवलं होतं.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते मारुतीवर. “ते सगळं सोडा सायेब,” सरपंच म्हणाला, “पानी मारुतीच्या पायाला लागलतं. ल्हान लेकराला इचारा.” लहान लेकरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. त्यांचे बापसुद्धा तेव्हा शेंबडे होते. मग सगळे देवळाकडं निघाले, आणि इंजिनियरनं मूर्तीच्या पायाची उंची घेतली.

आता देवळाचं सांगायला हवं. दोन पायऱ्या उतरून जायचं ते बुटकं देऊळ आता नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याचा जीर्णोद्धार झाला. आता फरशीच्या भल्या मोठ्या पायऱ्या चढून वर जायचं, वर कळस, आणि भिंतीवर देवस्थानच्या अध्यक्षाच्या नावाची संगमरवरी पाटी. पाटी मारुतीपेक्षा ठसठशीत आहे. चौथरा चढवल्यावर मूर्ती खड्ड्यात राहिली असती, म्हणून ती वर घ्यावी लागली. पण आमचा मारुती पडला स्वयंभू. स्वयंभू मूर्ती जागची हलवायची नसते, हलवली की कोप होतो. यावर गावानं जो तोडगा काढला तो फक्त आमचंच गाव काढू जाणे. मूर्ती उचलायची आणि उचलली नाही असं म्हणायचं.

एका दुपारी देवळाभोवती ताडपत्री लावली, बायका-पोरांना हाकललं, आणि चार जणांनी चेन-पुली लावून मूर्ती चांगली कंबरभर वर घेतली. पुढं उभे होते माझे थोरले दीर. त्यांची हयात विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणाऱ्या यारीवर गेलेली, जड वस्तू धक्का न लागता कशी उचलावी हे गावात त्यांनाच कळत होतं. दुसरे आमचे हे. घरी आले ते केसात चुना घेऊन, आणि मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही, झाडलोट केली.” संध्याकाळी ताडपत्री निघाली आणि अध्यक्षानं भाषण केलं की मूर्ती जागची तसूभर हललेली नाही, बांधकाम तेवढं नवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी उचलली त्यांनीही वाजवल्या. पुढच्या पावसाळ्यात माझे दीर रानात औत सोडता सोडता कोसळले. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका म्हणून सांगितलं.

तर इंजिनियरनं मोजले ते या नव्या मारुतीचे पाय. त्यानं विचारलंही, “मूर्ती पूर्वी इतक्याच उंचीवर होती का?” अध्यक्ष म्हणाला, “सोयंभू हाय सायेब. तिला कोन हलीवणार?” मग त्यानं जुने फोटो मागितले. फोटो ढीगभर निघाले, सगळ्यांत शेंदूर फासलेला मारुती आणि शेजारी हार घातलेले पुढारी. जमीन कुणी फोटोत घेत नाही.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडं आला आणि कागद पसरून डोकं धरून बसला. “मॅडम, ही उंची धरली तर जो पाऊस निघतो, तो खरा असेल तर तुमच्या डोंगरावर ढग फुटला नाही, समुद्रच उपडा झाला.” मी त्याला सगळं सांगितलं. दोन पायऱ्या उतरून जायचं देऊळ, ताडपत्री, चेन-पुली, केसातला चुना. आत चहा गाळत असलेल्या आमच्या ह्यांचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. इंजिनियरनं पेन खाली ठेवलं. “माझा विश्वास बसतो. पण एका बाजूला तुमची एकटीची आठवण, दुसऱ्या बाजूला सगळं गाव. उचलणाऱ्यांपैकी कुणीतरी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, की एवढी वर घेतली, तर मी तेवढी उंची वजा करतो. मग पूल बसतो. नाही सांगितलं, तर मला हीच उंची धरावी लागेल. कमी धरून पूल वाहून गेला तर?”

“आणि हीच धरली तर?”

“तर पूल इतका उंच होतो, की त्याचा उतार तुमच्या वेशीच्या आत येऊन टेकतो. असा पूल या योजनेत बसतच नाही. प्रस्ताव दुसऱ्या खात्याकडं जाईल.” दुसऱ्या खात्याकडं गेलेलं काहीही आमच्या गावात अजून परत आलेलं नाही.

तो गेल्यावर मी आमच्या ह्यांच्याकडं वळले. उचलणाऱ्या चौघांपैकी दीर गेले. दुसरा ऊसतोडीला कर्नाटकात जातो तो तिकडंच राहिला. तिसरा अध्यक्षाचा सख्खा मेहुणा, त्याच्याकडून आशा नाही. उरले हे. मी म्हटलं, “तुमच्या वहिनीचं घर तुटतंय. तोंड उघडायला किती जड जातंय?” यांनी बराच वेळ कपाचा कान चोळला. मग म्हणाले, “वहिनी हो म्हणाल्या तर सांगतो. त्यांना विचारल्याबिगर न्हाई.” मला हसू आलं. विचारायचं काय त्यात? जिला पूल हवा तिलाच विचारायचं, पूल हवा का म्हणून. या घराण्यातल्या पुरुषांना पाठीचा कणा बायकांच्या परवानगीनं मिळतो, असं काहीसं मी बोलले आणि चपला घातल्या.

ओढ्याला त्या दिवशी घोट्याएवढंच पाणी होतं. आक्का अंगणात मुगाच्या शेंगा वाळत घालत बसली होती. मी तिच्यासमोर पाय दुमडून बसले आणि मास्तरकीच्या उत्साहात सगळं मांडलं. इंजिनियर काय म्हणाला, किती सोपं आहे, यांनी एक वाक्य बोलायचं, पूल होणार, तुला कुठं जावं लागणार नाही. ती शेंगा पसरत राहिली.

“उचलला म्हनायचं?” ती म्हणाली.

“उचलला म्हणायचं. सगळ्यांना माहीतच आहे.”

“म्हाईत हाय. पर सा वर्सात कुनी म्हनलं न्हाई.” तिनं हात पुसले. “उचलला म्हनलं, की मंग कुनी उचलला? पुडं कोन व्हतं? आन् जो पुडं व्हता त्याचं काय झालं? त्याला साल बी लोटलं नव्हतं, मास्तरीण.”

मी म्हटलं, “आक्का, डॉक्टरांनी झटका सांगितला होता. त्यांचा बीपी तुला ठाऊक होता. दगड वर घेतला म्हणून कुणी मरत नाही.”

“तुला न्हाई वाटत,” ती म्हणाली. “मला वाटतं.”

तिनं एक किडकी शेंग निवडून बाजूला टाकली.

“कुनी म्हनत न्हाई तवर मी बी मनाला सांगते, झटका आलता. डागदर म्हनला, झटका आलता. रोज सांगते तवा निभतं. सबंद गावानं एकदा म्हनू दे, उचलला. मंग मी काय सांगू मनाला? देवाला हात लावून गेला, असं व्हईल. त्यांचं मरन तसलं करू नको. पुलापाई तर न्हाईच न्हाई.”

आयुष्यभर मी तरफ आणि कप्पी शिकवली. किती वजन, किती दोर, किती जोर. अंधश्रद्धेवर दर वर्षी स्नेहसंमेलनात नाटक बसवलं. त्यातलं एकही वाक्य मला त्या अंगणात आठवेना. राग आला होता, फार आला होता. अध्यक्षाचा, त्याच्या पाटीचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा. त्या एका खोटेपणात या सगळ्यांनी माझ्या जावेला असं चिणून टाकलं होतं, की आता ते खोटं टिकवण्याची गरज त्यांच्यापेक्षा तिलाच जास्त होती. तिच्यावर रागावता येत नव्हतं म्हणून मी तिच्या मुगाच्या शेंगा पसरू लागले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. एरवी ग्रामसभेला कुत्रं फिरकत नाही, त्या दिवशी सतरंजी कमी पडली. आपल्या पावसाचा सत्कार आहे अशा थाटात लोक आले होते. सरपंचानं भाषणात सांगून टाकलं, की आपल्या गावासारखा पाऊस जिल्ह्यात न्हाई, आणि लगेच पुढच्या वाक्यात तालुका दुष्काळी जाहीर करण्याची मागणी केली. कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि ते माझ्या स्वभावाला सोडून होतं.

इंजिनियरनं उंची वाचून दाखवली. “कुणाची काही हरकत? मूर्तीच्या जागेबद्दल कुणाला काही सांगायचंय?” त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आमच्या ह्यांच्याकडं. हे आक्काकडं बघत होते. तो बिचारा काय समजला कोण जाणे, त्यानं बायकांच्या बाजूला वळून विचारलं, “आजी, तुम्ही इथल्या जुन्या. पूर बघितलाय. तुम्हीच सांगा.”

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. सगळं गाव तिच्याकडं बघायला लागलं आणि अध्यक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. पूल कुणाला हवाय हे त्यालाही माहीत होतं.

“पानी पायाला लागलतं,” ती म्हणाली. “आन् मूर्ती हाय तितंच हाय. हलली न्हाई.”

लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्षानं टाळ्या सुरू केल्या. ठरावाखाली साक्षीदार म्हणून शिकलेल्या माणसाची सही हवी होती, आणि कागद माझ्यापुढं आला. मी सही केली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

पुलाचा प्रस्ताव दुसऱ्या खात्याकडं गेला. आमचा आकडा मात्र कामाला लागला. आसपासच्या कुठल्याच ओढ्याला पावसाची नोंद नाही, त्यामुळं आता नवी मोरी काढायची झाली, नळकांडी टाकायची झाली, की साहेब लोक आमच्या गावच्या पावसाचा आधार घेतात, असं तो इंजिनियर मला बीडच्या स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला. त्याला त्याचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, आमच्या गावाला नाव मिळालं. त्या संध्याकाळी खरा पाऊस किती पडला असेल, ते मी घरी बसून कंबरभर उंची वजा करून काढलेलं आहे. चांगला दांडगा पाऊस होता, पण कोकणानं मान खाली घालावी असा नव्हता. तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही.

दिवाळीनंतर आक्काचा मुलगा गाडी घेऊन आला. ओढा तोवर कोरडा ठाक पडला होता. गाडी पात्रातून सरळ इकडं आली, कुठं अडली नाही. तिचं सामान फार नव्हतं. एक ट्रंक, बिछाना, मुगाची पिशवी. मी वेशीपर्यंत गाडीत बसून गेले. तिनं माझा हात मांडीवर धरून ठेवला होता.

देवळापाशी मुलानं सवयीनं गाडी थांबवली. “आई, पाया पडून घे. पायऱ्या चढवत नसतील तर खालूनच हात जोड.” आमच्या गावातून बाहेर जाणारं कुणीही तिथं हात जोडल्याशिवाय जात नाही, आणि आक्का तर गुडघे दुखत असूनही, ओढ्याला पाणी नसलं की रोज येऊन तेल घालणारी.

तिनं माझा हात सोडला नाही. देवळाकडं बघितलंही नाही.

“चल,” ती मुलाला म्हणाली.